चिंच कलमाची की बियांची?

चिंच लावायची तर कलमाची लावावी की चिंचोक्यापासून केलेल्या रोपाची, यावरून सध्या आमच्या घरात दोन पक्ष पडले आहेत. तिसराही एक पक्ष आहे. तो म्हणतो, कुठलीच लावू नका, जमिनीचे प्लॉट पाडा. या तिसऱ्या पक्षात माझा पुतण्या एकटाच आहे, पण उरलेल्या सव्वातीन एकरांत अर्धा वाटा त्याचा आणि अर्धा माझा, त्यामुळे त्याचं मत मोजावंच लागतं.

"मावशी, या वयात शेतात काय चाललंय तुझं?" असं पुण्याची भाची दर फोनला विचारते. तिच्यासाठी आणि इथे नेहमी येणाऱ्या तुम्हा मंडळींसाठी एकदाच सविस्तर लिहिते. थोडं लांबेल. बाईंची सवय आहे, समजून घ्या.

ज्यांनी बिडकीन पाहिलं नाही त्यांना सांगते. छत्रपती संभाजीनगरहून (माझ्या पिढीच्या तोंडी अजून औरंगाबादच येतं) पैठणला निघालं की वाटेत आमचं गाव लागतं. मी १९७४ साली लग्न होऊन इथे आले. मराठी घेऊन बी.ए. झालेली सून म्हणून थोडं कौतुक होतं, आणि शेतातलं काही कळत नाही म्हणून बरीच चेष्टा होती. पैठणला नाथसागर भरला तरी आमची जमीन विहिरीवरचीच राहिली. ज्वारी, बाजरी, तूर, कापूस. आणि मोठ्या बांधावर एक चिंच.

ती चिंच सासूबाईंच्या सासऱ्यांनी लावलेली. लावली म्हणजे तरी काय, कुणीतरी खाऊन टाकलेला चिंचोका उगवला आणि त्यांनी बाभळीच्या काट्यांचं कुंपण करून शेळ्यांपासून तो वाचवला, एवढंच. मी पाहिली तेव्हा तिच्या बुंध्याला दोन माणसांची कव पुरत नव्हती. वैशाखाच्या उन्हात औताचे बैल तिच्याखाली बांधलेले असत. संध्याकाळ झाली की तिची पानं मिटत. मी चौथीच्या मुलांना 'झाडं झोपतात का?' हा धडा त्या झाडाखालीच शिकवायची. मुलं पानं मिटायची वाट बघत बसत आणि शाळा सुटली तरी घरी जात नसत.

आमच्या घरात एक नियम होता. तो कुणी लिहून ठेवला नव्हता, पण मोडतही नव्हतं. कापसाचा पैसा पुरुषांचा, चिंचेचा पैसा बायकांचा. फाल्गुन-चैत्रात आकडे पिकले की गडी वर चढून फांद्या हलवायचे, खाली जुनी लुगडी अंथरलेली असायची. काठीने झोडपायला सासूबाई कधीच देत नसत. कोवळे शेंडे मोडतात आणि पुढच्या सालचा मोहर त्या शेंड्यांवरच यायचा असतो, हे त्यांना कुठल्याही पुस्तकाशिवाय माहीत होतं. मग दुपारभर ओसरीवर आम्ही जावा-नणंदा मोगरीने आकडे फोडायचो. टरफल एकीकडे, शिरा एकीकडे, चिंचोके एकीकडे. पोतंभर आकड्यांतून गर निम्म्यापेक्षाही कमी निघतो. मीठ लावलेले गोळे बरणीत जायचे, उरलेला गर व्यापाऱ्याला. लातूर, बार्शी, नगर (आताचं अहिल्यानगर) या चिंचेच्या मोठ्या बाजारपेठा. आमचा माल तिथे कुणाकुणाच्या हातून जायचा ते आम्हाला कधी कळलं नाही.

चिंचोकेसुद्धा वाया जात नसत. भाजून, वरचं तांबडं साल काढून आम्ही ते सुपारीसारखे चघळत असू. घोंगडी विणणारे खळीसाठी चिंचोके घेऊन जात. चांगले सारखे निवडून, मधोमध फोडून चल्लसआठ खेळायला ठेवले जात. माझ्या डी.एड.ची फी याच पैशातून भरली गेली. यांनी कापसाचा हिशोब काढला तेव्हा त्यात काही उरलं नव्हतं. सासूबाईंनी डब्यातून नोटा काढून माझ्या हातात दिल्या आणि म्हणाल्या, "चिंचेचे आहेत, कुणाला विचारायचं नाही."

१९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी त्या सांगायच्या. रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जाणं, सुकडी, तो लाल मिलो. शेतात काही पिकलं नव्हतं, पण चिंचेला आकडे लागले होते. तेव्हापासून त्या त्या झाडाला 'ती' म्हणत. 'चिंचेला पाणी घाल' असं नाही, 'तिला पाणी घाल'.

धाकटे दीर हुशार शेतकरी. आमच्या पैठण तालुक्यात मोसंबीचं वारं आलं तेव्हा त्यांनी कर्ज काढून तीनशे झाडांची बाग लावली. बाग सुंदर होती, खोटं कशाला बोलू. आंबे बहाराच्या दिवसांत फुलांच्या वासाने रस्त्यावरची माणसं थांबत. २०१२-१३ च्या दुष्काळात विहीर आटली. टँकरने पाणी आणून त्यांनी ती दोन महिने जगवली, मग पैसेही आटले. मराठवाड्यात त्या वर्षी किती मोसंबीच्या बागा सरपणाच्या भावात गेल्या, ते इकडच्या माणसांना सांगायला नको. आमचीही गेली. बांधावरची चिंच मात्र तशीच उभी होती, तिच्या मुळांना कुठून ओल मिळत होती देव जाणे. पुतण्या तेव्हा चोवीस वर्षांचा होता. बापाला बागेत कुऱ्हाड चालवताना त्याने बघितलं आहे. आज तो 'झाडात पैसा घालू नका' म्हणतो तेव्हा त्याचं ते म्हणणं कुठून येतं, हे मला ठाऊक आहे.

मग जमिनी संपादनात गेल्या. बिडकीनचं औद्योगिक क्षेत्र ७,८५५ एकरांचं. २९ सप्टेंबर २०२४ ला पंतप्रधानांच्या हस्ते ते राष्ट्राला अर्पण झालं. त्यात आमची बरीचशी जमीन आहे. मोबदला मिळाला, दिरांचं मोसंबीचं कर्ज फिटलं, पुतण्याला पक्कं घर बांधता आलं. त्याबद्दल तक्रार करायला मी हे लिहीत नाही. गावातल्या मुलांना काम मिळणार असेल तर ते मला हवंच आहे. त्यातली निम्मी माझ्या हाताखालून गेलेली आहेत. फक्त मोठा बांध त्या जमिनीत होता. झाडांची मोजणी झाली, तिच्या बुंध्यावर तांबड्या रंगाने आकडा पडला. महाराष्ट्रात १९६४ चा झाडतोडीचा कायदा आहे आणि परवानगीशिवाय तोडायची नाहीत अशा झाडांच्या यादीत आंबा, फणस, मोह, जांभूळ यांच्याबरोबर चिंचही आहे. पण रीतसर परवानगी मिळाली की झाड तोडता येतं. ती २०१६ साली गेली.

त्याच्या आदल्या पावसाळ्यात मी एक काम करून ठेवलं होतं. आमच्याकडे कलमं बांधणारे एक मामा येत. त्यांना म्हटलं, "या झाडाचं कलम होईल का?" ते हसले. म्हणाले, "बाई, चिंच म्हातारी असली तरी तिचा शेंडा तरणाच असतो."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी कलमाचा प्रकार थोडक्यात सांगते. चिंचोक्यापासून वाढवलेलं रोप म्हणजे खुंट. ज्या झाडाची फळं हवीत त्याच्या शेंड्याची पेन्सिलीएवढी काडी निवडायची, तिची पानं आठ-दहा दिवस आधी काढून टाकायची, म्हणजे डोळे फुगतात. मग खुंटाचं डोकं उडवून त्याला मधोमध चीर द्यायची, काडीचं टोक पाचरीसारखं तासून त्या चिरेत बसवायचं, प्लास्टिकच्या पट्टीने घट्ट बांधायचं आणि वर पिशवीची टोपी घालायची. पंधरा-वीस दिवसांत डोळे फुटले तर कलम जमलं. खुंटाला खालून फुटवे येतात, ते खुडत राहायचे. नाहीतर खुंटच माजतो आणि काडी मरते. आम्ही वीस बांधली, अकरा जमली. त्यातली सात उरलेल्या सव्वातीन एकरांच्या कडेला लावली, चार नातेवाइकांनी नेली.

२०२१ च्या फाल्गुनात पहिले आकडे लागले, मोजून चौतीस. फोडून जिभेवर ठेवले आणि ओळख पटली. आंबट, पण दात आंबवणारी नाही, शेवटी थोडी गुळासारखी. माझे हे तेव्हा नव्हते, सासूबाई तर कधीच गेल्या होत्या. थोरल्या नणंदेला गोळा पाठवला. तिने फोन करून नुसतं विचारलं, "मोठ्या बांधावरची?" मी हो म्हटलं.

आणि इथेच माझ्या प्रश्नाचं मूळ आहे. कलम म्हणजे त्या झाडाचं मूल नव्हे, ते तेच झाड. दुसऱ्याच्या पायावर उभं राहिलेलं, पण तेच. चिंचोक्यातून येतं ते मूल. मूल आईसारखं निघेलच असं नाही, हे चाळीस वर्षं वर्गावर काढलेल्या बाईला वेगळं सांगायला नको.

व्यवहार पाहिला तर कलमाची बाजू भक्कम आहे. चार-पाच वर्षांत फळ, आणि ते कसं असेल ते आधीच माहीत. औरंगाबादच्या हिमायतबागेतल्या फळ संशोधन केंद्राने चिंचेची 'प्रतिष्ठान' नावाची जात निवडीतून पुढे आणली. प्रतिष्ठान म्हणजे आपल्या पैठणचं जुनं नाव, त्यामुळे तिचा मला उगीचच अभिमान वाटतो. :) तिची कलमं लावली तर सगळी झाडं सारखी, आकडे सारखे. बियांच्या झाडाला फळ यायला आठ-दहा वर्षं लागतात, कधी त्याहून जास्त. आलं तरी कुठलं चिंचोक्यांनी भरलेलं, कुठलं नुसतं आंबट, कुठलं एक साल लागणारं आणि दोन साल रुसणारं.

मग मी बियांचा हट्ट का धरते? याचं उत्तर मला नातीमुळे सापडलं.

नात अमेरिकेत असते. गेल्या थंडीत तिने रस्त्याच्या कडेला भाजलेली तपकिरी फळं खातानाचा फोटो पाठवला आणि विचारलं, "आजी, चेस्टनटला मराठीत काय म्हणतात?" शब्दकोश बघितला तर शिंगाडा निघाला. पण शिंगाडा तळ्यातला, आणि हे तर मोठ्या झाडाचं फळ! मी तिला म्हटलं, तूच शोधून सांग. तिने शोधून जे सांगितलं ते ऐकून मला झोप लागली नाही.

अमेरिकेच्या पूर्वेकडच्या डोंगरांत चेस्टनटची अफाट जंगलं होती. डोंगरातली गरीब माणसं हिवाळ्याच्या तोंडाला फळं गोळा करून विकत आणि त्या पैशांत मुलांचे बूट घेत. (हे वाचून मला सासूबाईंचा डबा आठवला.) १९०४ साली न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयातल्या झाडांवर एक बुरशी दिसली. ती आशियातून आणलेल्या रोपांबरोबर आली होती. पुढच्या पन्नासेक वर्षांत तीनशे ते चारशे कोटी झाडं मेली. मुळं मात्र कित्येक ठिकाणी जिवंत आहेत. दरवर्षी फूट येते, जरा मोठी होते आणि बुरशी पुन्हा तिला गाठते. नातीने खाल्लेली फळं बहुधा युरोपातून आलेली होती.

१९८३ पासून तिथे एक संस्था हे झाड परत आणायला धडपडते आहे. रोगाला तोंड देणाऱ्या चिनी चेस्टनटशी संकर करायचा, रोपं वाढवायची, मुद्दाम रोग लावून बघायचा, तग धरतील ती ठेवायची, पुन्हा संकर. एकेका पिढीला वर्षंच्या वर्षं लागतात. लावणारे बरेच जण माझ्या वयाचे आहेत म्हणे. आपण लावलेल्या झाडांचं जंगल झालेलं आपल्याला दिसणार नाही, हे त्यांना पक्कं माहीत आहे.

त्या रात्री मी विचार करत होते की संकट आलं तेव्हा औषध कुठे सापडलं? वेगळ्या झाडात. 'प्रतिष्ठान' तरी कशी सापडली? बियांपासून आलेल्या असंख्य झाडांमधून कुणीतरी एक चांगलं झाड निवडलं म्हणून. आमची बांधावरची चिंचही असाच एक टाकलेला चिंचोका होता. सगळ्यांनी फक्त निवडलेलंच लावलं, तर पुढच्यांना निवडायला काय उरेल? कलमात आपण जे माहीत आहे ते जपतो, बियांत जे अजून माहीत नाही त्याला जागा ठेवतो. शेताला दोन्ही लागतं. चिंच तरी इथली कुठे होती? अरबांनी तिला 'हिंदी खजूर' म्हटलं, त्यातून इंग्रजी टॅमरिंड झालं, पण ती मूळची आफ्रिकेची. फार फार पूर्वी कुणीतरी तिचे चिंचोके इथल्या मातीत टाकले आणि फळाचा हिशोब न करता पुढे निघून गेलं.

पुतण्याला हे सगळं सांगितलं. तो शांतपणे ऐकतो, हा त्याचा गुण. मग म्हणाला, "मोठी आई, हे ठीक आहे. पण चिंचेवर कुणाचं घर चाललंय? पोरांच्या फिया चिंचोक्यांनी भरू का?" त्याचं चुकत नाही. शेजारी कारखाने येताहेत, जमिनीला कधी नव्हता तो भाव आहे. घेणाऱ्याला तुकडा एकसंध हवा, माझा अर्धा सोडून त्याला भाव कमी येतो. म्हणजे माझी चिंच त्याला महाग पडते आहे, हे मला दिसतं.

मी त्याला एवढंच सांगितलं की तुझा वाटा तू विक, मी आड येणार नाही. माझा मी विकणार नाही. माझ्या तुकड्यात दहा-दहा मीटरवर कलमं लावते, त्यांचं उत्पन्न चार-पाच वर्षांनी तुझ्या बायकोच्या हातात जाईल, तुझ्या नव्हे. तो नियम आपल्या घराचा आहे. आणि कडेने बियांची रोपं लावते, त्यांचं उत्पन्न कुणाचं ते आपण दोघांनीही ठरवायचं नाही.

त्यावर तो काही बोलला नाही. तीन आठवडे फोनही नव्हता. परवा मात्र खड्डे खणायला माणूस त्यानेच पाठवला आणि त्याची मजुरीही देऊन ठेवली होती. याचा अर्थ काय लावायचा ते मी अजून ठरवलेलं नाही.

खड्डे मीटरभर लांब, रुंद आणि खोल घेतले आहेत. उन्हात तापू दिले, आता शेणखत आणि गाळाची माती भरायची. चिंचोके दिवसभर भिजवून पिशव्यांत टोकले, चाळीसपैकी एकतीस उगवले. रोपं पिशवीत फार दिवस ठेवू नयेत. चिंचेचं सोटमूळ खाली धावतं आणि पिशवीत गुंडाळलं गेलं की पुढे झाडाला जोर राहत नाही. 'चिंचेला पाणी लागत नाही' असं म्हणतात ते मोठ्या झाडाचं खरं. पहिले दोन उन्हाळे तिला पाणी हवंच. आमच्याकडे भोक पाडलेलं मडकं बुंध्याशी पुरून त्यात आठवड्याला दोनदा पाणी भरतात. काट्यांचं कुंपण, आधाराला काठी, काठीला वाळवी लागत नाही ना ते बघणं, एवढं केलं की तिसऱ्या वर्षापासून ती आपल्याला विचारत नाही.

माझं वय पंचाहत्तरीला टेकलं आहे. कलमांच्या चिंचा मी खाईन असं डॉक्टरांचं आणि माझं मत आहे. बियांच्या चिंचांबद्दल आम्ही दोघंही बोलत नाही.

माझ्या कडेला वीस रोपं पुरतात. अकरा उरतील. मृगाचा चांगला पाऊस झाला की घेऊन जा, ज्यांच्याकडे बांध आहे, अंगण आहे, शाळेचं आवार आहे त्यांनी. आईची चव मला माहीत आहे, यांची नाही. पहिले आकडे लागले की एक फोडून बघा आणि कशी निघाली ते आमच्या घरी कळवा. तेव्हा फोन जो कोणी उचलेल, त्याला सांगा.